एसीची वॉरंटी : खरेदीपासून तक्रारीपर्यंत काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

भर मे महिन्यात एसीने थंड हवा देणे थांबवले की नागपुरातल्या पुष्कळ घरांतून पहिला फोन ओळखीच्या मिस्त्रीला जातो. तो येतो, आउटडोअर युनिट उघडतो, गॅस भरतो, आणि आठवडाभरात पुन्हा तीच तक्रार सुरू झाली की मग कंपनीची आठवण होते. कंपनीचा टेक्निशियन येतो तेव्हा युनिट आधीच उघडलेले असते. तो तसा शेरा लिहितो आणि दावा तिथेच अडकतो. मुदत शिल्लक होती, बिघाडही खरा होता, चुकला तो फक्त क्रम. वॉरंटीच्या बाबतीत होणारे बहुतेक नुकसान असे क्रमाच्या आणि कागदांच्या चुकीमुळे होते, म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत. अटी कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतात. त्यामुळे जिथे शंका येईल तिथे आपल्याच मॉडेलच्या वॉरंटी कार्डावरचा मजकूर अंतिम मानावा.

आधी एक गोष्ट समजून घ्या : एका एसीवर अनेक वॉरंट्या असतात

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली "१० वर्षे" ही बहुधा केवळ कॉम्प्रेसरची मुदत असते. घरगुती इन्व्हर्टर एसीत सर्वसाधारणपणे संपूर्ण यंत्रावर १ वर्ष, कॉम्प्रेसरवर १० वर्षे आणि अनेक कंपन्यांकडे पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवर, ५ वर्षे अशी रचना आढळते. कॉइलवर, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळ्यावर, वेगळी मुदत काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. पहिले वर्ष संपले की पंख्याची मोटर, सेन्सर, वेगळी वॉरंटी नसलेली कॉइल, गॅस, मजुरी आणि टेक्निशियनच्या भेटीचे शुल्क हे सारे ग्राहकाच्या खिशावर येते, आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी म्हणजे केवळ तो सुटा भाग विनामूल्य मिळणे, एवढाच तिचा अर्थ उरतो.

बदलून दिलेल्या भागाबाबतही गैरसमज असतो. आठव्या महिन्यात मोटर बदलली तर नव्या मोटरवर नवे वर्ष सुरू होत नाही. मूळ वॉरंटीचे जेवढे महिने उरले आहेत तेवढेच तिला लागू होतात, असे कार्डावर बहुधा लिहिलेले असते. काढलेला जुना भागही वॉरंटीत कंपनीच्या मालकीचा होतो.

टप्पा १ : पैसे देण्याआधी अटी वाचा

दुकानात उभे असतानाच, निवडलेल्या मॉडेलचे वॉरंटी कार्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर उघडावे किंवा विक्रेत्याकडे मागावे. विक्रेता "सगळं कव्हर आहे" असे म्हणाला तर ते वाक्य बिलावर लिहून देण्याची विनंती करावी. तो लिहून देत नसेल तर ते वाक्य विसरून जावे. अटींमध्ये "काय समाविष्ट आहे" हा भाग लहान असतो आणि "काय समाविष्ट नाही" हा भाग मोठा. वाचायचा तो दुसरा.

त्यात पहिल्यांदा गॅस शोधावा. पहिल्या वर्षात गळतीमुळे गॅस कमी झाला तर तो विनामूल्य भरला जाईल का, आणि नंतर कॉम्प्रेसर बदलताना लागणाऱ्या गॅसचे पैसे कोण देणार, ही दोन उत्तरे मिळाली की निम्मी वॉरंटी समजली. त्यानंतर उंदीर, पाली, मुंग्या यांच्यामुळे झालेले नुकसान, व्होल्टेजमुळे जळालेला बोर्ड, प्लास्टिकचे भाग, रिमोट आणि फिल्टर यांविषयीची कलमे पाहावीत. हे बहुधा वगळलेले असते. पीसीबीवर पाल चिकटून बोर्ड जळणे हा प्रकार दुर्मीळ नाही, आणि त्या वेळी "पाच वर्षांची पीसीबी वॉरंटी" उपयोगाला येत नाही.

नाग नदी, पिवळी नदी किंवा एखाद्या उघड्या नाल्याच्या काठी घर असेल तर आणखी एक कलम लक्षपूर्वक वाचावे. सांडपाण्यातून निघणारा गंधकयुक्त वायू तांबे काळे पाडतो आणि कॉइलला सूक्ष्म छिद्रे पाडतो. मग गॅस पुन:पुन्हा जातो. अनेक कार्डांवर "संक्षारक (धातू खाणाऱ्या) वातावरणातील नुकसान" वॉरंटीबाहेर ठेवलेले असते. अशा घरासाठी संरक्षक लेप दिलेल्या कॉइलचे आणि कॉइलवर वेगळी वॉरंटी असलेले मॉडेल घेणे, माझ्या मते, एका जास्तीच्या स्टारपेक्षा मोलाचे आहे.

वॉरंटी कोणत्या दिवसापासून मोजली जाते हेही याच वेळी पाहावे. ती बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सवलतीत घेतलेला एसी मार्चपर्यंत खोक्यातच ठेवला तर एका वर्षातले चार-पाच महिने न वापरताच संपतात, आणि पहिला खरा उन्हाळा ऐन रंगात असताना वर्षाचा मोठा भाग मागे पडलेला असतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ च्या अखेरीस गृहोपयोगी उपकरणांच्या कंपन्यांना वॉरंटी बसवणीच्या दिवसापासून धरावी असे सुचवले होते. परंतु ती सूचना होती, सक्ती नव्हे. म्हणून आपल्या मॉडेलचा नियम कार्डावरच पाहावा, आणि सवलतीत घेतलेला एसी त्याच आठवड्यात बसवून, चालवून पाहावा.

सावधान : विक्रेता बिलासोबत जी "वाढीव वॉरंटी" विकतो ती कंपनीचीच आहे की दुसऱ्या एखाद्या संस्थेची, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्या संस्थेची असेल तर तक्रारीचा क्रमांक वेगळा, अटी वेगळ्या आणि पुष्कळदा दाव्यातून घसाऱ्यापोटी काही रक्कमही वजा होते. कंपनीची वाढीव वॉरंटी महाग असली तरी तिच्यात गॅस आणि मजुरी धरलेली असेल तर ती घेण्यासारखी असते.

टप्पा २ : बिल नीट करून घ्या

पक्क्या बिलावर खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख, मॉडेल नंबर आणि दोन सिरियल नंबर असावेत. स्प्लिट एसीत इनडोअर आणि आउटडोअर युनिटचे सिरियल नंबर वेगवेगळे असतात. बिलावर एकच नंबर असेल तर दुसरा तिथल्या तिथे लिहून, दुकानाच्या शिक्क्यासह सही घ्यावी. घरी खोकी आल्यावर ती उघडण्याआधी खोक्यावरचे नंबर बिलाशी जुळवावेत. इनडोअर एका एसीचे आणि आउटडोअर दुसऱ्याचे येणे ही गोदामातील नेहमीची गफलत आहे आणि ती त्या दिवशी सहज सुटते, दोन वर्षांनी सुटत नाही.

बिल कोणाच्या नावाने आहे यालाही महत्त्व आहे. जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून काही जण घरच्या एसीचे बिल दुकानाच्या किंवा फर्मच्या जीएसटी क्रमांकावर घेतात. तसे केले की ती खरेदी कागदोपत्री व्यावसायिक ठरते. घरगुती मॉडेलची वॉरंटी व्यावसायिक वापराला अनेकदा लागू नसते किंवा तिची मुदत कमी असते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही व्यापारी हेतूने केलेली खरेदी "ग्राहक" या व्याख्येच्या बाहेर आहे. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू याला अपवाद आहे. परंतु तो अपवाद सिद्ध करावा लागतो. घरातच शिकवणी वर्ग किंवा दवाखाना चालवणाऱ्यांनी अटीतील "घरगुती वापर" हे शब्द खरेदीपूर्वीच स्पष्ट करून घ्यावेत.

तपासा : गुळगुळीत थर्मल कागदावरचे बिल उन्हाळ्यात कपाटात किंवा गाडीत राहिले तर काळे पडते आणि काही महिन्यांत वाचता येत नाही. त्याच दिवशी त्याचा फोटो काढावा, साध्या कागदावर प्रत घ्यावी, आणि ऑनलाइन खरेदीचे बिल डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावे.

टप्पा ३ : एसी कंपनीमान्य माणसाकडूनच बसवून घ्या

वॉरंटीचे भवितव्य मुख्यतः या दिवशी ठरते. एसी कारखान्यातून कितीही चांगला आलेला असो, दोन युनिटांना जोडणारा कॉपर पाइप आपल्या भिंतीवर जोडला जातो आणि गॅसगळती पुष्कळदा याच सांध्यांतून होते. बसवणी बाहेरच्या मिस्त्रीने केली असेल तर "सांधा आमच्या माणसाने केलेला नाही" हे कंपनीचे उत्तर तयार असते, आणि ते खोडून काढणे कठीण जाते.

एसी बसवणारा आल्यावर त्याला प्रथम घरातील व्होल्टेज आणि अर्थिंग मोजायला सांगावे. "स्टॅबिलायझरची गरज नाही" असे लिहिलेल्या मॉडेललाही व्होल्टेजची ठरावीक मर्यादा असते आणि ती कार्डावर किंवा पुस्तिकेत छापलेली असते; त्या मर्यादेबाहेर बोर्ड जळाला तर वॉरंटी लागू होत नाही. मे महिन्यात रात्री सगळ्या गल्लीतील कूलर आणि एसी एकदम सुरू असतात तेव्हा व्होल्टेज किती पडते, ते दोन-तीन रात्री पाहावे. ते मर्यादेखाली जात असेल तर योग्य स्टॅबिलायझर लावावा, आणि महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपावा.

आउटडोअर युनिट कुठे बसते हेही बघून घ्यावे. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर ते ठेवण्यावाचून पर्याय नसेल तर वरून सावली करावी, पण ग्रीन नेट युनिटभोवती गुंडाळू नये. त्यातून गरम हवा कोंडते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो. युनिटपर्यंत दुरुस्तीच्या वेळी माणूस सुरक्षितपणे पोहोचू शकेल अशी जागा हवी. शिडी, परांची किंवा दोर लागणार असेल तर त्याचा खर्च आणि जबाबदारी अटींनुसार बहुधा ग्राहकाची असते.

आता सर्वांत महत्त्वाचे : व्हॅक्यूम. पाइप जोडल्यावर त्यात अडकलेली हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावा लागतो. घाईत असलेला माणूस पंप लावण्याऐवजी थोडा गॅस सोडून पाइपातील हवा "पळवून लावतो". त्याने एसी त्या दिवशी थंड करतो. पण आत राहिलेला ओलावा तेलाशी मिसळून हळूहळू कॉम्प्रेसर खातो. आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने तो खोलीत किंवा ठिणगीजवळ सोडणे तसेही अयोग्य आहे. म्हणून पंप आणलेला आहे का, हे माणूस दारात आल्यावरच पाहावे. पंप लावल्यावर गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा शून्याच्या खाली जाऊन उणे ३० इंचांच्या खुणेजवळ टेकतो. पंप काही वेळ चालवून बंद केल्यानंतर दहा मिनिटे काटा तिथेच स्थिर राहिला पाहिजे. तो वर सरकू लागला तर सांध्यातून गळती आहे किंवा आत ओलावा उरला आहे, आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ अजून आलेली नाही. काट्याचा फोटो काढून ठेवावा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत हेही पाहून घ्यावे.

खर्चाच्या बाबतीत, ठरावीक लांबीहून अधिक कॉपर पाइप, स्टँड, भिंतीला भोक पाडणे आणि पाण्याचा जादा पाइप यांचे पैसे वेगळे लागतात. त्यांचेही बिल मागावे, कारण बसवणीत कंपनीचा माणूस होता याचा तो पुरावा असतो.

सावधान : इन्स्टॉलेशन रिपोर्टवर तारीख, दोन्ही सिरियल नंबर आणि टेक्निशियनचे नाव लिहिल्याशिवाय सही करू नये. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी तो मागेल. एसी निदान अर्धा तास चालवून, पाणी नीट बाहेर जाते आहे हे पाहून मगच द्यावा.

टप्पा ४ : नोंदणी करा आणि फाइल बांधा

काही कंपन्यांत वॉरंटी आपोआप सुरू होते, तर काहींत वाढीव मुदत मिळण्यासाठी ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ही मुदत चुकली तर दहा वर्षांची पाच होण्याचा धोका असतो. त्यामुळे बसवणीच्या दिवशीच नोंदणी उरकावी आणि आलेला संदेश जपावा.

बिल, वॉरंटी कार्ड, इन्स्टॉलेशन रिपोर्ट, बसवणीचे बिल, नोंदणीचा संदेश आणि दोन्ही युनिटांवरील स्टिकरांचे जवळून काढलेले फोटो एकत्र ठेवावेत. आउटडोअरवरील स्टिकर नागपूरच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत फिकट होतो, आणि नेमका त्यावरच सिरियल नंबर तसेच गॅसचा प्रकार व वजन छापलेले असते. हे वजन पुढे आठव्या टप्प्यात कामी येईल.

टप्पा ५ : पहिले वर्ष हातचे जाऊ देऊ नका

फिल्टर घरीच धुवावा. उन्हाळ्यातील धुळीत दर दोन आठवड्यांनी. वॉरंटीत मोफत सर्व्हिसिंगच्या भेटी असतील तर त्या मागून घ्याव्यात, कारण कंपनी आपणहून फोन करेलच असे नाही, आणि प्रत्येक भेटीची जॉब शीट (टेक्निशियन भरून देतो तो कामाचा कागद) म्हणजे एसी त्या तारखेला सुस्थितीत होता याची नोंद असते. आउटडोअर थंड राहावे म्हणून त्यावर बोअरवेलचे पाणी मारण्याची पद्धत आहे. ती टाळावी; त्यातील क्षार कॉइलच्या पात्यांवर थर धरतात आणि नंतर तोच थर दावा नाकारण्याचे कारण बनतो. डेझर्ट कूलरचे तुषार आउटडोअरवर उडत असतील तर कूलर हलवावा.

घर बदलताना एसी काढणे आणि पुन्हा बसवणे कंपनीच्या अधिकृत सेंटरकडूनच करून घ्यावे. हे काम सशुल्क असते आणि बाहेरचा माणूस स्वस्तात करतो हे खरे. पण कॉम्प्रेसरची उरलेली वर्षे त्यापेक्षा किमती आहेत.

तपासा : बाराव्या महिन्याच्या आधी, म्हणजे अकरा महिने होताच, एसी एक तास चालवून पाहावा. आवाज, पाणी गळणे, थंडाव्यात घट, पंख्याचा कंप यांपैकी काहीही आढळले तर वर्ष संपण्यापूर्वीच्या तारखेची तक्रार नोंदलेली हवी. तक्रार मुदतीत नोंदली गेली की दुरुस्ती मुदतीनंतर झाली तरी हक्क टिकवता येतो, आणि त्यासाठी तक्रार क्रमांक पुरेसा असतो.

टप्पा ६ : बिघाड झाल्यावर पहिल्या तासात

आधी साध्या गोष्टी पाहाव्यात : एमसीबी (मीटरजवळचा आपोआप पडणारा स्विच) पडला आहे का, रिमोट "कूल" ऐवजी "फॅन" वर आहे का, फिल्टर तुंबला आहे का. यांतच दोष निघाला तर टेक्निशियनच्या भेटीचे शुल्क वॉरंटीतही लागू शकते. डिस्प्लेवर एरर कोड दिसत असेल तर वीज बंद करण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा, कारण वीज बंद करून सुरू केली की तो पुसला जाण्याची शक्यता असते.

"थंड करत नाही" ही तक्रार तपासून मग करावी. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून ठरवलेली असते. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ पर्यंत गेला होता. एवढ्या उन्हात कोणताही एसी छापलेल्या क्षमतेपेक्षा कमी थंडावा देतो. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत लहान एसी बसवला असेल तर तो बिघाड नव्हे, निवडीतील चूक आहे, आणि वॉरंटी तिला लागू होत नाही. फरक ओळखण्यासाठी रिमोट १६ वर, पंखा जोरात ठेवून वीस मिनिटे थांबावे आणि साध्या थर्मामीटरने इनडोअर युनिटच्या वरून आत जाणाऱ्या आणि खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. दोन्हींत साधारण १० अंशांचा किंवा अधिक फरक असेल तर यंत्र काम करते आहे. कोरड्या मे महिन्यात हा फरक जास्त आणि दमट जुलैत कमी येतो, म्हणून पावसाळ्यात थोडा कमी फरक दिसल्याने घाबरू नये. मे महिन्यात तो चार-पाच अंशांवर आला असेल तर बिघाड आहे. दोन्ही आकडे तक्रारीत लिहावेत.

तक्रार कंपनीच्या अ‍ॅपवर, ईमेलवर किंवा वॉरंटी कार्डावरील क्रमांकावर नोंदवावी. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "कस्टमर केअर" क्रमांकांपैकी काही फसवणुकीचे असतात. पैसे आगाऊ मागणारा किंवा मोबाइलमध्ये एखादे अ‍ॅप टाकायला सांगणारा माणूस कंपनीचा नव्हे, असे समजावे. फोनवर तक्रार केली असली तरी त्याच दिवशी एक ईमेल करावा. त्याचा मजकूर एवढा पुरे :

"माझ्या एसीचा मॉडेल नंबर, इनडोअर व आउटडोअर सिरियल नंबर आणि खरेदीची तारीख सोबत जोडलेल्या बिलाप्रमाणे आहे. आज सकाळपासून आउटडोअरचा पंखा फिरतो, परंतु थंड हवा येत नाही. आत जाणारी हवा ३१ अंश व बाहेर येणारी २७ अंश आहे. युनिट कोणीही उघडलेले नाही. तक्रार क्रमांक कळवावा आणि भेटीची तारीख लेखी द्यावी."

"युनिट कोणीही उघडलेले नाही" हे वाक्य गाळू नये.

टप्पा ७ : टेक्निशियन घरी आल्यावर

आलेल्या माणसाचे ओळखपत्र आणि तक्रार क्रमांक जुळवावा. त्याने गॅस कमी असल्याचे सांगितले तर पुढचा प्रश्न एकच : गळती कुठे आहे? एसीतील गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, त्यामुळे कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. गळतीची जागा न शोधता भरलेला गॅस काही आठवड्यांत पुन्हा जातो, आणि तोपर्यंत वर्ष संपलेले असू शकते. सांध्यात गळती सापडली की कॉइलमध्ये, हे जॉब शीटवर लिहून घ्यावे.

जॉब शीटवर त्याने "ग्राहकाचा दोष" किंवा "व्होल्टेजमुळे" असे लिहिले असेल तर वाद न घालता, त्याखाली स्वतःच्या हाताने "मान्य नाही; स्टॅबिलायझरवर त्या वेळी अमुक व्होल्ट होते" असे लिहून सही करावी आणि फोटो काढावा. काम अपुरे असताना ओटीपी दिला तर संगणकावर तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद होते, आणि पुढे तीच नोंद आपल्याविरुद्ध उभी राहते.

सावधान : "कंपनीत नको, मी संध्याकाळी खासगीत करून देतो" असा प्रस्ताव टेक्निशियनकडून आला तर तो नाकारावा. कंपनीच्या माणसाने केलेले पण कंपनीच्या नोंदीत नसलेले काम हे बाहेरच्या दुरुस्तीसारखेच धरले जाते.

टप्पा ८ : कॉम्प्रेसर गेला असे सांगितले तर

समजा, २०२० च्या एप्रिलमध्ये घेतलेला इन्व्हर्टर एसी सहा वर्षांनी बंद पडला आणि टेक्निशियनने कॉम्प्रेसरचे निदान केले. कॉम्प्रेसरवर १० वर्षे आहेत, पीसीबीची ५ वर्षे संपली आहेत. इथे निदानाची खातरी आधी करावी, कारण इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर बोर्डावरून चालतो आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो. कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात. वायर काढून मल्टिमीटरने त्यांच्या तिन्ही जोड्यांमधील विद्युतरोधाचे वाचन घेतले तर ते जवळपास सारखे यायला हवे आणि कोणत्याही टर्मिनलचा बाहेरच्या लोखंडी कवचाशी संबंध दिसता कामा नये. वाचने असमान असतील किंवा कवचाशी संबंध दिसत असेल तर कॉम्प्रेसरची वायंडिंग, म्हणजे आतल्या मोटरचे तारेचे वेटोळे, गेली. तिन्ही सारखी असतील तर वायंडिंग शाबूत आहे; मग आतले यंत्र जाम आहे की बोर्ड गेला आहे, याचे उत्तर टेक्निशियनने द्यायला हवे. ही वाचने त्याच्याकडून जॉब शीटवर लिहून घ्यावीत.

त्यानंतर खर्चाचा लेखी अंदाज मागावा. त्यात कॉम्प्रेसरसमोर शून्य असेल, पण गॅस, ड्रायर किंवा फिल्टर, नळ्यांचे जोडकाम, नायट्रोजनने दाबाची चाचणी, मजुरी, वाहतूक आणि या सेवांवरचा १८ टक्के जीएसटी या ओळी असतील. यांतली प्रत्येक ओळ अटींतील शब्दांशी पडताळावी. गॅसच्या ओळीत किती वजन धरले आहे ते स्टिकरवरील वजनाशी जुळवावे आणि भरताना सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला सांगावे. केवळ दाब पाहून अंदाजाने भरलेला गॅस इन्व्हर्टर एसीत कमी-जास्त होतो आणि नवा कॉम्प्रेसरही त्यामुळे लवकर जातो. जुना कॉम्प्रेसर जळून गेला असेल तर नळ्या आतून स्वच्छ केल्याशिवाय नवा बसवू देऊ नये.

टप्पा ९ : काम होत नसेल तर पायरी चढताना

सर्व्हिस सेंटरला तोंडी विनवण्या करण्यात आठवडे घालवू नयेत. कंपनीच्या ग्राहक तक्रार अधिकाऱ्याला, तक्रार क्रमांक आणि भेटींच्या तारखा लिहून, सात किंवा दहा दिवसांची मुदत देणारा ईमेल करावा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. परंतु ती आदेश देऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याच सुमारास विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवावी. ती वकिलाकडूनच हवी असे नाही.

टप्पा १० : जिल्हा ग्राहक आयोग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले आणि खरेदी ऑनलाइन असली तरी नागपूरकराला नागपूरच्या आयोगात जाता येते. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील बंधनकारक नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल होते. विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. एकालाच केले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोष दूर करणे, यंत्र बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई यांपैकी काय हवे, ते स्पष्ट मागावे.

सावधान : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते. कंपनीशी सुरू असलेल्या ईमेलमुळे ही मुदत वाढते असे धरून चालू नये.

निकालाला वेळ लागतो आणि उन्हाळा तोवर थांबत नाही. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर बाहेरून दुरुस्ती करून घेण्याची वेळ येऊ शकते. तशी वेळ आली तर आधी कंपनीला लेखी कळवावे की अमुक तारखेपर्यंत दुरुस्ती न झाल्यास आपण ती बाहेरून करून घेऊ आणि खर्च मागू. मुदत उलटल्यावर, युनिट उघडण्यापूर्वीच्या स्थितीचे तारखेसह चित्रीकरण करावे, दुरुस्ती करणाऱ्याकडून दोषाचे वर्णन असलेले पक्के बिल घ्यावे आणि काढलेला भाग त्याला नेऊ न देता घरी ठेवावा. आयोगाने भाग तपासणीसाठी मागितला तर तो हजर करता आला पाहिजे.